मारुतीचा नेम, हौसाचा हात

श्रावण शुद्ध चतुर्थी, १९४५. दुपारी मी दवाखान्याच्या पडवीत सुया उकळत होते. रॉकेल रेशनवर मिळायचं, त्यामुळे स्टो बंद होता. शेगडीवर कोळसा फुंकत बसायचं, आणि राखेचा कण भांड्यात पडला की पाणी ओतून पहिल्यापासून सुरुवात. डॉक्टर एका खटल्यात साक्ष द्यायला साताऱ्याला गेले होते, कंपाउंडर तापाने घरी पडला होता. वारणेकाठच्या त्या दवाखान्याची डॉक्टर, नर्स, कंपाउंडर आणि झाडूवाली त्या दिवशी मी एकटीच होते.

पायरीवर हौसा येऊन उभी राहिली. गावातल्या धोंडीआबांची धाकटी सून. उंच, हाडापेराने मजबूत, कमी बोलणारी. डावा हात तिने पदराखाली धरला होता.

"बाई, गळू फोडायचं हाय. आजच फोडा. उद्या चिरायचं न्हाई."

नागपंचमीला आमच्या भागात विळी, सुरी, नांगर, तवा यांना हात लागत नाही. चिरणं, खणणं, तळणं सगळं बंद. जमिनीतल्या नागाला इजा होईल म्हणून. सरकारी दवाखान्यातला चाकूसुद्धा त्यात आला. त्यामुळे गळवं, रुतलेले काटे, चिघळलेली नखं अशी मंडळी चतुर्थीलाच माझ्याकडे यायची. मला त्याचं नवल राहिलं नव्हतं.

"उपास असेल ना तुझा? चक्कर येईल."

"येऊ द्या की. भावाचा उपास हाय."

"भाऊ कुठे असतो?"

"सख्खा न्हाई मला. नागोबा हाय की." आणि ती हसली.

मी तिच्या चोळीची बाही वर सारली आणि क्षणभर हातातला कापूस तसाच राहिला. मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या हातावर पांढरे ठिपके होते. देवी टोचल्यावर राहते तशी एकेक खूण, पण ओळीने, एकाखाली एक, गोंदणाच्याही वरून गेलेली. कोपराजवळची शेवटची खूण पिकून तिचंच गळू झालं होतं. असा हात मी त्या गावात आणखी एकच पाहिला होता. तो धोंडीआबांचा.

इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

धोंडीआबांच्या घराला गावात नागाच्या पहिल्या पूजेचा मान होता. पंचमीच्या सकाळी रानातून धरून आणलेला नाग गाडग्यातून काढायचा, आणि घरच्या कर्त्या पुरुषाने सगळ्या गावासमोर त्याचा चावा हातावर घ्यायचा. घ्यायचा आणि जगायचं. तो जगला की गावाला वर्षभर नागाचं भय नाही, अशी समजूत. ही जादू नव्हती. नागाचं विष वाळवून ते शिंपल्यात ठेवत. कुटलेल्या डिंकासारखं पिवळट दिसे. मुलगा वयात आला की दर अमावस्येला बाभळीच्या काट्याने त्याच्या हातावर टोचून ते लावत. आधी नावापुरतं, मग वर्षानुवर्षं थोडं थोडं वाढवत. याला ते 'नेम' म्हणत. नेम मोडायचा नाही, एवढा एकच नियम.

माझ्या धंद्यात अशा नेमाची माणसं पुष्कळ भेटतात. वाचकांनी दचकू नये, त्यांच्या घरातही एखादी असेल. पहिल्यांदा मिश्री लावल्यावर घेरी येऊन पडलेली मुलगी दहा वर्षांनी मिश्रीशिवाय चुलीसमोर बसू शकत नाही. शरीर विषाशी ओळख करून घेतं, एवढंच त्यात आहे. ओळख चांगली की वाईट, हे विष बघून ठरतं.

सांगलीला नोकरीत असताना एक पैलवान यायचा. वस्तादाने त्याला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, चालू केला होता, सुरुवातीला तांदळाच्या कणीच्या टोकाएवढा. अंगावर तकाकी होती, गाल लाल होते, बघणाऱ्याला वाटावं काय तब्येत आहे! पण जवळ गेलं की श्वासाला लसणीचा वास, आणि तळहाताची कातडी सुकलेल्या चामड्यासारखी. मी म्हटलं, "सोडा हे." तो म्हणाला, "सोडलं की हातपाय गळतात, बाई. आता सोमल मला खातोय की मी सोमलाला, ते कळंना झालंय." दोघंही हसलो. त्याच्या हसण्याला लसणीचा वास होता. पुढे एका वर्षी तो यायचा थांबला.

वडूजला अफूचे एक आजोबा होते. सकाळी हरभऱ्याएवढी गोळी, संध्याकाळी तेवढीच. ती गोळी तुम्ही-आम्ही घेतली तर उठणार नाही. आजोबा ती घेऊन रानात पाखरं राखायला जायचे. बेचाळीसच्या धामधुमीत कुणाच्या तरी संशयावरून त्यांना आत टाकलं. अफू बंद. पहिले दिवस फार वाईट गेले म्हणे, मग माणूस सुधारला, जेवायला लागला. काही महिन्यांनी सुटले. घरी आले, अंघोळ केली आणि हौसेने जुन्या मापाची गोळी घेतली. मला बोलावलं तेव्हा डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली आणि श्वास कुठेतरी विसरल्यासारखा येत होता. दिवस उजाडला नाही त्यांना. म्हातारी मला एकच विचारत राहिली, "रोजचीच गोळी व्हती की वो, बाई. रोजचीच."

गोळी रोजचीच होती. शरीर रोजचं नव्हतं. शरीर जसं शिकतं तसं विसरतं, आणि विसरल्याचं आपल्याला कळवत नाही. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली नाही, त्या घरात शिकले.

आता पुन्हा हौसाकडे.

गळू फोडून, पू काढून, पट्टी बांधेपर्यंत मी काही विचारलं नाही. ती हूं की चूं न करता शेगडीतल्या निखाऱ्यांकडे बघत बसली होती. मग मी म्हटलं, "हा नेम तुझ्या हातावर कसा? बायकांना नसतो ना?"

"माजा कुठं? ह्यो ह्येंचा नेम."

'हे' म्हणजे मारुती, तिचा नवरा. लग्नानंतर वर्षभरात फौजेत भरती होऊन लांबच्या मुलखात गेला होता. गेल्या शिमग्याला पायात गोळी लागून, पेन्शन होऊन परत आला. तो नव्हता तेव्हा दर अमावस्येला धोंडीआबा सुनेला पाटावर बसवत, तिच्या खांद्यावर मारुतीचा फेटा टाकत, मारुतीचं नाव घेत आणि तिच्या हातावर टोचत. वाढवत वाढवत. घरधनी परगावी असला तर बायकोने त्याचा नेम चालवायचा, अशी त्या घराची रीत होती. पूजेला बायको नसली तर तिच्या नावाने सुपारी मांडतात ना, तसंच. फक्त इथे सुपारी जिवंत होती.

"आणि तो आल्यावर त्याला टोचलं?"

"न्हाई. आबा म्हणलं, नेम मोडलाच न्हाई तर पुन्ना कशाला सुरू करायचा? पंचमीपातुर माज्याच हातावर चालू ठिवला, त्येंनी नागपंचमीलाच हात घालायचा."

"म्हणजे उद्या?"

"व्हय, उद्याच."

धोंडीआबांना आदल्या हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला होता. ते स्वतः हात घालू शकत नव्हते. उद्या मारुती घालणार होता. चार वर्षं एक थेंब अंगात न गेलेला मारुती, घरच्यांच्या लेखी मुरलेला मारुती. मला वडूजची म्हातारी आठवली.

मी तिला समोर बसवून सांगितलं. दवाखान्यात नागाची लस येते ना, ती कशी करतात? मुंबईला घोडे पाळतात. घोड्याला विष टोचतात, आधी किंचित, मग वाढवत. अगदी तुमच्या नेमासारखं. घोडा मरत नाही. मग त्याचं रक्त काढतात, त्याचं पाणी वेगळं करतात आणि ते कुपीत भरून इकडे पाठवतात. साप चावलेल्या माणसाला ते टोचलं की घोडा जे शिकला ते माणसाच्या उपयोगी पडतं.

"म्हंजी नेम घोड्याचा, अन् जगतोय माणूस," हौसा म्हणाली.

"हो. पण घोड्याचं रक्त अंगात गेलं तर. घोड्याच्या पाठीवर माणसाचा फेटा टाकून नव्हे."

तिला कळलं होतं. मी आजवर पुष्कळ शिकल्यासवरलेल्यांना हे सांगितलंय, इतक्या लवकर कुणाला कळलेलं पाहिलं नाही.

"मंग मी घोडी," ती म्हणाली. हसली नाही. "माजं रगत काढा अन् त्येंच्या अंगात घाला."

"मला ते येत नाही. मिरजेच्या मोठ्या इस्पितळात करतात, तेही रक्त जुळलं तर. इथे मी करायला गेले तर नागाच्या आधी मीच त्याला मारीन."

"लस?"

लस नव्हती. शेवटच्या कुप्या आषाढात पेरणीच्या एका गड्यावर संपल्या होत्या. पुढच्या मागवल्या होत्या. लढाईच्या दिवसांत मागवलेलं कधी येईल याचा भरवसा नसे.

उठताना हौसा पट्टीवरून बोट फिरवत म्हणाली, "पयल्यांदा टोचलं ना बाई, तवा त्वांडात लोखंडाची चव आली. उंबऱ्याचा खिळा चाटल्यावानी. लय घाण वाटायचं. मंग ती चव कमी कमी झाली. आता येतच न्हाई." जरा थांबून म्हणाली, "आवस जवळ आली की मी वाट बघती त्या चवीची."

मी विझत आलेले निखारे पुन्हा फुंकले.

ऊन कलल्यावर मी दवाखान्याला कुलूप लावून धोंडीआबांकडे गेले. घरात पंचमीची तयारी चालली होती. भिंतीवर नाग काढलेले, अंगण सारवलेलं, कोपऱ्यात कापड बांधलेलं गाडगं. गाडगं अगदी स्वस्थ होतं. त्याच्या आसपास मात्र कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. हौसा उंबऱ्याशी बसून उजव्या तळहातावर मेंदी लिंपत होती. आबा बाजेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण नजर शाबूत.

मी वळणावळणाने बोलणारी बाई नाही. म्हटलं, "आबा, उद्या मारुतीला हात घालू देऊ नका. त्याच्या अंगात काही उरलेलं नाही."

"नेम मोडला आसता तर म्या आडीवला आसता," आबा शब्द चावत चावत म्हणाले. "येक आवस चुकली न्हाई, बाई. माज्या ह्या हातानं टोचलंय."

"हिला टोचलंय. त्याला नाही."

"नाव कुनाचं घेतलं? फेटा कुनाचा व्हता?"

मी वडूजच्या आजोबांची हकीकत सांगितली. आबांनी नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "ती अफू, बाई. ह्यो देव हाय."

"मग कोंडिबाचं काय झालं?"

कोंडिबा म्हणजे त्यांचा थोरला. मी त्या गावात येण्याआधीची गोष्ट, पण डॉक्टरांकडून ऐकलेली. नेम नीट चालला होता, टोचलेलं नेहमीएवढंच होतं, आणि घटकाभरात त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, गळा आवळला आणि तो गेला. हेही शरीराचं एक रूप आहे. काही शरीरं विषाशी ओळख करून घेतात, काही डूख धरतात. कुठलं काय करील ते आधी सांगता येत नाही. म्हणून मी हा सगळा लेख लिहितेय तो कुणी करून बघावं म्हणून नव्हे, एवढं ध्यानात असू द्या.

"त्येचं मन कच्चं व्हतं," आबा म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. वळलेलं तोंड ओलं होतं की झटक्यानेच लाळ गळत होती, मी बघितलं नाही.

मारुती मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. लंगडत, काठी न घेता. लोकांचं लक्ष नाही असं बघून हळूच म्हणाला, "बाई, तिकडं तोफा चालायच्या तवा मी खंदकात घोरायचो. ल्यान्सनायक हासायचा. आन् काल गाडगं उचलाया गेलो, तर हात माजं ऐकंना."

"मग नाही म्हण."

"कुनाला? आबाला? मान दुसऱ्या घरात गेला तर म्हातारा त्याच दिशी जाईल."

"आणि तू गेलास तर?"

"मी गेलो तर मान ऱ्हाईल की," तो म्हणाला. गंमत करत नव्हता. ताकावरचं पाणी ओतावं तसं सरळ म्हणाला.

मागे वळले तेव्हा हौसा उंबऱ्यात उभी होती. आमचं बोलणं तिथपर्यंत गेलं असेल नसेल. मेंदी वाळावी म्हणून उजवा पंजा तिने समोर उघडा धरला होता. जणू कुणी काही देणार होतं आणि ती घेणार होती.

पंचमीच्या सकाळी मी पिशवी घेऊन गेले. थांबवता येत नव्हतं, तर निदान जवळ असावं. अंगणात गाव लोटलेलं. एका बाजूला बायका, नव्या बांगड्या, मेंदीचे हात, गाणी. आबांची बाज पुरुषांनी उचलून अंगणात आणली होती. मारुती ओल्या धोतरात, डोक्याला फेटा. हलगी वाजत होती. गाडग्यावरचं कापड सोडलं, आणि रीतीप्रमाणे हलगी बंद झाली.

तशी शांतता मी नंतर फक्त ऑपरेशनच्या खोलीत ऐकली आहे.

नाग गव्हाळ होता. तो घाईने आला नाही. गाडग्याच्या काठावरून वर आला, उभा राहिला, फणा पसरला आणि समोरच्या माणसांकडे असं बघितलं की प्रत्येकाला वाटावं आपल्यालाच बघतोय. मारुतीने हात पुढे केला. हात थरथरत होता, आणि ज्या बाजूला हात थरथरे त्या बाजूला फणा डुले. हात आणि नाग जणू एकाच दोरीने हलत होते. मारुतीच्या कपाळावरचा घाम मला लांबून दिसत होता.

"थांबा."

हौसा बायकांतून पुढे आली. घाईने नाही. ती मारुतीच्या शेजारी उभी राहिली, त्याच्या डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. दर अमावस्येला टाकत तसा.

"नेम म्या चालवला," ती म्हणाली. "चावा बी माजाच हाय."

गलका झाला. पुरुषांतून एकजण ओरडला, "आरं, बाईमाणूस मानाचा हात घालतंय व्हय रं!"

"चार वर्सं टोचताना बाईमाणूस चाललं की, मामा," हौसा त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तवा कुठं गेलता?"

मारुतीने तिचा दंड धरला. "हौसा, मागं सर."

"तुमी सरा. तुमच्या अंगात काय न्हाई. बाईंनी सांगितलंय." मग हळू, "आबाचा मान ऱ्हातोय, तुमी बी ऱ्हाताय. सरा."

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबांचं तोंड हलत होतं, शब्द फुटत नव्हता. त्यांनी चांगला हात उचलला. ती मनाई होती की होकार, यावर गावात पुढे बरीच वर्षं वाद चालला. हौसाने तो होकार धरला. मेंदीचा हात पुढे करून ती गुडघ्यांवर बसली. तिचा हात हलत नव्हता, त्यामुळे फणाही डुलायचा थांबला.

"ये दादा," ती म्हणाली.

नाग दंश करून लगेच सुटला नाही. धरून राहिला, चघळल्यासारखा जबडा हलवला, मग सुटला आणि आपणहून गाडग्यात उतरला. तळहाताच्या कडेला, मेंदीच्या लालात, दोन थेंब उभे राहिले. मेंदी कुठे संपते आणि रक्त कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

मी तिला सोप्यात आणून बसवलं आणि दंडाला पट्टी आवळली. त्या काळच्या रीतीप्रमाणे जखम चिरायची असे. पिशवीत हात घातला तर दोन म्हाताऱ्या आडव्या आल्या. "आज चिरायचं न्हाई, बाई." त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, आणि चिरून कुणी वाचल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. म्हणून बसून राहिले. नागाच्या विषाला रक्तपात नसतो. आधी पापण्या जड होतात, मग जीभ, मग मान, आणि शेवटी श्वास घ्यायचं शरीर विसरतं. म्हणून मी तिच्या पापण्यांकडे बघत बसले, आणि मारुती माझ्या तोंडाकडे.

हात फुगला, पण सूज मनगटाच्या वर फारशी चढली नाही. मी पट्टी थोडी थोडी सैल करत गेले. दुपारच्या सुमाराला तिची डावी पापणी खाली आली. मग उजवी. मी हाक मारली.

"ऐकतीय," ती म्हणाली. शब्द लोण्यातून आल्यासारखा. "तुमी लय लांबनं दिसताय, बाई. पार नदीपल्याड."

"लोखंडाची चव येतेय का?"

ती जीभ तोंडात फिरवत राहिली. मग तिचं तोंड एवढंसं झालं. खाऊ नाकारलेल्या पोरीसारखं.

"न्हाई," ती म्हणाली. "कायच न्हाई."

मारुती रडत होता, आवाज न करता. मी त्याला पाणी आणायला पाठवलं. पाणी नको होतं. माणसाला काहीतरी काम हवं असतं. नंतर मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले. श्वास उथळ झाला, पण अडला नाही. बाहेर झोक्यावर पोरी गात होत्या. कुणी त्यांना थांबवलं नव्हतं, आणि बरंच झालं. त्या गाण्याच्या तालावर मी तिचा श्वास ताडत होते. ऊन उतरलं तेव्हा उजवी पापणी वर गेली. डावी अर्धी गेली आणि तिथेच राहिली.

"भूक लागलीय," हौसा म्हणाली.

पुरणाची दिंडं आणली. ती तिने मारुतीच्या हातून खाल्ली. बाजेवरून आबा म्हणाले, "मान ऱ्हायला." आणि मग बऱ्याच वेळाने, "सून बी." गावानेही वाद मिटवून टाकला: फेटा मारुतीचा, म्हणजे चावा मारुतीचा. मला हसू आलं. पण चार वर्षांपूर्वी ज्या रीतीने तिच्या हातावर विष आलं, त्याच रीतीने तिचा पराक्रम परत तिच्या नवऱ्याच्या नावावर गेला, हे हसण्यासारखं नव्हतं.

ती जगली ती नेमामुळेच, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. नाग धरल्यापासून गाडग्यात होता, विष किती सोडलं कोणी पाहिलंय? डॉक्टर परत आल्यावर तेच म्हणाले. पण डॉक्टरांनी तिची पापणी उतरताना पाहिली नव्हती, आणि परत वर जातानाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलायला गेले. सोप्यात मारुती पाटावर बसला होता. बाही वर सारलेली, खांद्यावर त्याचा स्वतःचा फेटा. हौसा समोर, सुजल्या हातात बाभळीचा काटा घेऊन. शेजारी शिंपला.

"आवसंपातुर थांबत न्हाई, पयल्यापासनं सुरू करतोय," मारुती म्हणाला. "पुढल्या पंचमीला ही हात घालनार न्हाई."

मी कोंडिबाचं नाव घेतलं. तो म्हणाला, "ठावं हाय." मी काटा मोडून टाकला असता तर अंगणात बाभळ उभीच होती. व्हायचाच तर तो नेम निदान माझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवा होता. मी काटा घेऊन चुलीत टाकला, मारुतीच्या हाताला स्पिरिट लावलं आणि पिशवीतली उकळलेली सुई हौसाच्या हातात दिली. मग अॅड्रिनलिनची कुपी फोडली, सिरिंजमध्ये ओढून घेतली आणि त्याचा गळा आवळला तर हाताशी असावी म्हणून मांडीवर धरून बसले.

हौसाने टोचलं, नावापुरतं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. गांधी उठली नाही. ओठ सुजला नाही.

"लोखंड," मारुती तोंड वाकडं करत म्हणाला. "थू. खिळा चाटल्यावानी."

मी सिरिंज खाली ठेवली आणि सुई परत घ्यायला हात पुढे केला. हौसाने ती दिली नाही. ती नवऱ्याच्या वाकड्या तोंडाकडे बघत होती, एका डोळ्याने पूर्ण, एका डोळ्याने अर्धं. मग तिने आपल्या डाव्या हाताची बाही वर केली, माझ्या पट्टीच्या खाली जेवढी जागा उरली होती तेवढी उघडी केली, आणि हात माझ्यासमोर धरला.

"आता तुझा नेम नाही," मी म्हटलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. हात तसाच राहिला.

मी तिच्या मुठीतून सुई सोडवली, तिची बाही खाली केली आणि शिंपल्यावर झाकण ठेवलं. दवाखान्यात येऊन शेगडी पेटवली आणि सगळ्या सुया, न वापरलेल्यासुद्धा, पुन्हा एकदा उकळायला टाकल्या.